मैसलूनमधला बॉइलर

गुरुवार, २४ जून १९९९
शारजा

पोचले. विमान वेळेवर, सामान शाबूत, लोणच्याची बरणी न फुटता. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी ती मुंबईपासून पायांत धरून ठेवली होती, कारण मी त्यांना तसं सांगितलं होतं. मिरजेत मुलींच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. माणसं सांगितलेलं ऐकतात, फक्त स्पष्ट सांगावं लागतं.

परेश घ्यायला आला होता. सुटलाय. दुबई सोडून इकडे राहायला आल्यापासून रोजचा निम्मा दिवस गाडीत बसून जातो म्हणाला, त्यामुळे पोट सुटणारच. दुबईतल्या एका खोलीच्या भाड्यात इथे अख्खं बैठं घर मिळालं, हे मात्र त्यानं दोनदा सांगितलं, एकदा दिरहॅममध्ये आणि एकदा रुपयांत. स्वप्नालीनं वाकून नमस्कार केला आणि आई, आता तुम्ही आलात, मी सुटले असं म्हणून झोपायला गेली. मनापासून बोलली असावी. तिला दुबईत शिपिंगच्या ऑफिसात नोकरी लागली आहे. शाळेला सुट्टी लागतेय आणि केयाकडे बघायला कोणी नाही, म्हणून मी.

केया सहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. हे सुधारायला दोन महिने पुरेत.

घर बरं आहे. मैसलून नावाच्या जुन्या वस्तीत, भोवती भिंत, भिंतीच्या आत दोन घरं जोडून. पलीकडच्या घरात हैदराबादचं कुटुंब आहे. खोल्या मोठ्या, छत उंच. एकच गंमत. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी फासळ्यांचा एक पिंजरा भिंतीला ठोकलेला आहे. मला वाटलं जुनी जाळी असेल. परेश म्हणाला, ही खोली गरम करायची सोय आहे. शारजात. पंचेचाळीस अंशांत. पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड देशातल्या तेल कंपनीच्या इंजिनिअरानं हे घर बांधून घेतलं, त्याच्या बायकोला म्हणे सारखी थंडी वाजायची. त्यासाठी त्यानं बॉइलर बसवला. पॅसेजच्या टोकाला एका अरुंद खोलीत तो उभा आहे, माझ्यापेक्षा उंच, पोट सुटलेला. आता खोल्यांना जाणारे नळ बंद आहेत, पण बाथरूमचं गरम पाणी त्याच्यातूनच येतं. आणि तो गळतो. खाली टब ठेवलाय, तो स्वप्नाली सकाळ-संध्याकाळ रिकामा करते. वर्षभर.

वर्षभर गळकी वस्तू घरात ठेवणाऱ्यांपैकी माझा मुलगा असेल असं वाटलं नव्हतं. उद्यापासून बघते.

रविवार, २७ जून

इथल्या नळांचं शास्त्र समजून घेतलं. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, उन्हात. त्यामुळे उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून इथे सगळेजण मे महिन्यातच हीटर बंद करून टाकतात. हीटर घरात सावलीत असतो, त्यात साठलेलं पाणी निवतं, आणि मग गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं. लाल खुणेचा नळ गार, निळ्या खुणेचा गरम. लहान मुलांनाही हे पाठ आहे. मला ही युक्ती आवडली.

आमच्या घरात मात्र बॉइलर चालू, त्यामुळे दोन्ही नळ कढत. ही मंडळी रात्री बादल्या भरून ठेवतात आणि सकाळी त्या कोमट पाण्यात आंघोळ करतात. बॉइलर बंद का करत नाही विचारलं, तर परेश म्हणाला की घर देणाऱ्या एजंटानं बजावलं होतं, जुना आहे, निवला तर सांधे सुटतील आणि जास्त गळेल, चालूच ठेवा. म्हणजे गळू नये म्हणून चालू ठेवायचा, आणि चालू असताना गळतोच आहे. हा युक्तिवाद माझ्या सातवीतल्या मुलीनं केला असता तर तिला बाकावर उभं केलं असतं.

स्विच बघितला. कोणीतरी तो चालू अवस्थेत चिकटपट्टीनं गुंडाळून ठेवलाय. पट्टीवर पट्टी, जुनी वाळून पिवळी झाली की तिच्यावर नवी. अव्यवस्थितपणाचा कळस.

शुक्रवार, २ जुलै

आज काम झालं. परेशच्या ओळखीतून प्रल्हाद नावाचा प्लंबर आला. गुहागरकडचा, कंपनीच्या कामगार-कॅम्पात राहतो आणि शुक्रवारच्या सुट्टीत अशी बाहेरची कामं करतो. अतिशय बोलका. बॉइलरला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, काकी, ह्यो बॉइलर न्हाय, रणगाडा हाय. मी म्हटलं, तो काय आहे ते मला माहीत आहे, गळतो कुठे ते सांग. मग त्यानं वाकून बघितलं. खालच्या सांध्यातलं पॅकिंग गेलं होतं. पण निवल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाला, हात भाजून घ्यायला माझं अजून लग्न व्हायचंय.

मी चिकटपट्टी सोलली. निघता निघेना, शेवटी सुरीनं कापली. स्विच बंद केला. प्रल्हादनं दोनदा चहा घेतला, केयाला पाना कसा फिरवायचा ते शिकवलं, आणि दुपारी पॅकिंग बदलून दिलं. जाताना म्हणाला, आता हा तुमच्यापेक्षा जास्त जगेल काकी. मी म्हटलं, ते फार अवघड नाही.

खालची फरशी पुसून वर्तमानपत्र पसरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत कोरडं ठणठणीत. बॉइलर बंदच ठेवायचा हे मी जाहीर केलं. परेशनं एजंटाचं नाव काढलं, पण कोरडा कागद दाखवल्यावर विषय सोडला.

सोमवार, ५ जुलै

पाणी छान गार येतं. नव्या माठातल्यासारखं. स्वप्नाली ऑफिसातून आली की तडक बाथरूममध्ये जाते आणि बाहेर येताना गुणगुणत येते. परेशनं आपण होऊन मान्य केलं की आईनं आल्या आल्या वर्षाचं काम केलं. केया दिवसातून दोनदा आंघोळ मागते. मूल मुळात उष्ण. जवळ येऊन बसली की शेगडी शेजारी आल्यासारखं वाटतं. तिला या पाण्यानं बरं वाटतं.

शेजारच्या साजिदाबाई दुपारी आल्या होत्या. भरपूर हसणारी बाई. बॉइलर बंद केला हे ऐकून त्यांना फार मजा वाटली. आधीचे भाडेकरू मियां-बीवी म्हणे अगदीच वेडे होते. क्या बोलूं आंटी, अगस्त में बी चालू रखते थे वो लोगां. बीवी तो सालन का पतीला बी उस के पास ले जा के रखती थी. कालवणाचं पातेलंही बॉइलरपाशी नेऊन ठेवायचे म्हणून अख्खी गल्ली त्यांना हसायची. त्यांना मूल नव्हतं, दोघंच. एकदा दोन दिवस या भागातली वीज गेली, त्यानंतर ते सामान टाकून निघून गेले. कुठे गेले, साजिदाबाईंना ठाऊक नाही.

पाणी आज कालच्यापेक्षा गार वाटलं. चूळ भरताना दातांत कळ गेली.

गुरुवार, ८ जुलै

पुन्हा गळतोय. सकाळी बॉइलरखालचा कागद भिजलेला. पॅकिंगपाशी मात्र कोरडं. हात फिरवून बघितला तर पाणी वरून, बॉइलरच्या पोटावरून ओघळतंय. सगळं अंग घामेजलेलं. याचं कारण सोपं आहे, सहावीत शिकवतात. गार पृष्ठभागावर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. इथली हवा दमट आहेच.

दिवसभर मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. वाफेचं पाणी व्हायला पृष्ठभाग हवेपेक्षा गार हवा. बंद बॉइलर फार तर खोलीइतका गार होईल. गच्चीवरून त्याच्यात कढत पाणी येतं. हा खोलीपेक्षा गार कसा. कपाळ टेकवलं तर बर्फाच्या लादीवर टेकवल्यासारखं झालं.

एसीची झुळूक त्या बाजूला जात असेल. परेशला सांगितलं, त्यानं हो म्हटलं आणि बातम्या बघत बसला.

सोमवार, १२ जुलै

आता केयाच्या खोलीत. खिडकीखालच्या लोखंडी पिंजऱ्याच्या तळाशी पाणी. त्याचा व्हॉल्व्ह मी तपासला, बंद आहे आणि त्याच्यावर रंगाचे थर आहेत. कित्येक वर्षांत कोणी फिरवलेला नाही. पाणी तिथून येत असेल तर ते तिथेच साचायला हवं. फरशीला उतार दाराकडे आहे, मी गोटी ठेवून पाहिली, दाराकडे गेली. पाण्याची रेघ मात्र उताराच्या उलट, पलंगाकडे गेली होती. पलंगाच्या ज्या अंगाला केया झोपते त्या अंगाला. पुसलं. चहा घेऊन आले तर पुन्हा तिथेच.

बाकीच्या खोल्यांमधले पिंजरे बघितले. कोरडे.

दुपारी साजिदाबाई केयाला हाताला धरून घेऊन आल्या. हसत नव्हत्या. मुलगी भर दोन वाजता अंगणातल्या फरशीवर अनवाणी उभी होती, चेंडू काखेत घेऊन. त्या फरशीवर मोठ्या माणसाला चपलेशिवाय पाऊल टेकवत नाही. मी तळवे बघितले. फोड नाही, लालीसुद्धा नाही. तळवे गार होते. कपाळावर घामाचा थेंब नाही. तुला भाजलं नाही का विचारलं, तर म्हणाली, इट वॉज नाइस, आजी.

स्वप्नालीला संध्याकाळी सांगितलं. रक्त कमी असेल म्हणाली, उद्यापासून बीट देऊ.

बुधवार, १४ जुलै

डॉक्टरांकडे जाऊन आलो. केरळचे आहेत, शांत माणूस. त्यांनी केयाचा ताप बघितला, थर्मामीटर झटकला, पुन्हा बघितला. मग दुसरा आणायला सांगितला. हाही बिघडलेला दिसतो असं म्हणाले आणि रक्त तपासायला पाठवलं. मी थर्मामीटर हातात घेऊन बघितला. त्यात काही बिघाड नव्हता.

दोन्ही वेळेला तिला त्या पाण्याची आंघोळ बंद केली. भरलेल्या बादलीतलं कढत पाणी दिलं. ती रडली नाही. अंगावर पाणी घेतल्यावर बादलीत हात घालून बसून राहिली. थोड्या वेळानं मी हात घातला तर पाणी गार.

बॉइलर या घरात नको. निर्णय माझा. परेशला म्हटलं, एजंटाला काय सांगायचं ते तू बघ.

शुक्रवार, १६ जुलै

गेला.

प्रल्हाद दोन सोबती आणि एक पिकअप घेऊन आला. येताना गात होता. आधी पाण्याचे नळ बंद केले, मग रिकामा करायला खालची तोटी उघडली. थेंब आला नाही. तोटीत गाळ बसला असेल म्हणून सळई घातली. सळई सरळ आत गेली. मग वरचं झाकण खोललं आणि टॉर्च टाकला. मीही स्टुलावर चढून बघितलं. आत पाणी नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, आत गंजाची भुकटी होती, फुंकर घातली तर उडेल अशी. वर्षानुवर्षं कोरडी.

मग नळाला इतके दिवस पाणी कुठून येत होतं, असं मी विचारलं. प्रल्हादनं टॉर्च बंद केला. गाणं थांबलं होतं. त्यानं मला हळूच विचारलं की या पाण्यानं कोणी आंघोळ केली का. मी म्हटलं, सगळ्यांनी. तो म्हणाला, काकी, मी पण त्या दिवशी तोंड धुतलं.

तिघांनी उचलला तेव्हा बाहेरून पाणी ठिबकतच होतं. पिकअप फाटकाबाहेर गेली. भंगारवाल्याकडे आजच तोडून टाकायला सांगितलंय. खोली घासून, फिनाइल टाकून बंद केली.

शनिवार, १७ जुलै

कोरडं. बॉइलरची खोली, केयाची खोली, सगळं. केयानं दुपारी वरणभात मागून खाल्ला. मी साजिदाबाईंकडे जाऊन बसले आणि पहिल्यांदा त्यांच्या चहाला नावं ठेवली नाहीत.

सोमवार, १९ जुलै

केयाचा पलंग भिजलेला. मला आधी वेगळं वाटलं, सहा वर्षांच्या मुलांचं होतं असं कधी. पण वास नाही, डाग नाही. स्वच्छ, गार पाणी. गादीवर तिच्या शरीराच्या कडेनं, हाता-पायांच्या आकारानं. जणू तिच्या शेजारी आणखी कोणी झोपून उठलंय.

पलंगापाशी नळ नाही. पिंजरा कोरडा. वर छत कोरडं. एसी दुसऱ्या भिंतीला.

तिला माझ्या खोलीत आणलं. दुपारी शेजारी घेऊन पडले. डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा आमच्या दोघींच्या मध्ये चादर ओली होती. माझी बाजू कोरडी.

ते बॉइलरमध्ये राहत होतं. पाणी नाही, दुसरं काहीतरी. तो गरम होता तोवर तिथेच राहिलं. गार केला कोणी — मी. हे लिहून ठेवते, कारण खरं आहे. आता ते उबेजवळ जातं आणि घरात सगळ्यांत उबदार पोर आहे.

मंगळवार, २० जुलै

आज खात्री केली. केयाच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. गादीवरची ओल हलली. माझ्या डोळ्यांदेखत, मुंग्यांची रांग वळते तशी, पिशवीकडे वळली. केयाच्या गालांवर रंग आला. मग पिशवी गार झाली, फार लवकर, आणि ओल परत फिरली.

पातेली तापवून पलंगाभोवती ठेवते आहे. जितकं तापवते तितकं ते ओढतं. पातेली निवतात. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर.

परेशला उभं करून दाखवलं. त्यानं एकदा बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. स्वप्नाली केयाला उचलून गाडीत घालून निघाली, कुठे ते ठरवलंही नव्हतं. अर्ध्या तासात परत आली. गाडीची मागची सीट भिजली होती.

गुरुवार, २२ जुलै

हॉस्पिटल. तिथे विजेवर तापणारं पांघरूण आहे. ते लावलं आणि केया तासाभरात उठून बसली, ज्यूस मागितला. नर्स मात्र सारखी चिडत होती, पलंगाखाली पाणी कोण सांडतंय म्हणून. मी पुसत राहिले. ताप नॉर्मल आला, रिपोर्ट चांगले आले, आणि चांगल्या मुलीला कोणी ठेवून घेत नाही. मी ठेवा म्हटलं. परेशनंही म्हटलं. डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं, आजारी आम्हीच असल्यासारखं.

घरी आणलं. फाटकाच्या आत येईपर्यंत ओठ निळे.

प्रल्हादला फोन केला, नवा बॉइलर बसवायचाय म्हणून. सोबत्यानं उचलला. प्रल्हाद कामावर येत नाही म्हणाला. उन्हात जाऊन बसतो. हाका मारल्या तरी आत येत नाही.

शुक्रवार, २३ जुलै

हीटर मिळत नाही. खोली तापवायचा साधा हीटर. परेश रोला मार्केटात सगळ्या दुकानांत गेला. जुलै महिन्यात. एक दुकानदार हसून म्हणाला, हबीबी, डिसेंबरमध्ये ये. विजेचं पांघरूणही नाही. दुबईत एकाच्या गोडाऊनमध्ये जुना माल पडलाय, उद्या देईल.

केया झोपते. उठवलं की डोळे उघडते, माझ्याकडे बघते, पुन्हा झोपते. मी सतत गॅसपाशी. पातेलं उतरवून तिच्याजवळ नेईपर्यंत निवतं.

एक गोष्ट बघितली. पातेल्याशेजारी माझा हात होता, वाफेनं भाजलेला, लाल. ओल पातेल्यापाशी थांबली नाही. माझ्या हाताकडे आली. मग हात निवला तशी परत गेली.

म्हणजे भांड्यापेक्षा त्याला माणूस आवडतो. भांडं लगेच निवतं. माणूस आतून तापत राहतो. माझ्यासारखं म्हातारं शरीर कोमट, म्हणून मला ओलांडून पोरीकडे जातं. मी तिच्यापेक्षा गरम असते तर —

शनिवार, २४ जुलै
दुपार

परेश, स्वप्नाली दोघं हीटर आणायला गेले. फोन आला, मिळाला, निघालोत. मग पुन्हा फोन. रस्त्यात अडकलेत. अपघात, गाड्या हलत नाहीत. किती वेळ लागेल माहीत नाही. इन्शाल्ला म्हणाला माझा मुलगा. देवाचं नाव न घेणारा.

केयाचा श्वास — मोजायचं सोडून दिलं. लांबून येतो.

वेळ नाही. बाहेर ऊन टोकाचं आहे, गच्चीवरची टाकी उकळत असेल. निळ्या खुणेचा नळ पूर्ण सोडलाय. बाथरूममधला आंघोळीचा टब भरतोय. हात घालवत नाही इतकं कढत. केयाची गादी ओढत बाथरूमच्या दाराबाहेर आणली, मला दिसेल अशी. साजिदाबाईंना हाक मारली होती. घरात नाहीत.

उतरते आहे. वही साबणाच्या कट्ट्यावर.

—

भाजलं. पाय, मग पाठ. ओरडले नाही, पोर घाबरेल. कातडी लाल झालीय. छाती धडधडते. चांगलं आहे. तापते आहे.

नळ चालूच.

—

गादीची कड सोडली. फरशीवरून येतंय. उंबरठ्यापाशी थांबलं — पुन्हा तिच्याकडे वळलं — नाही. इकडे. उताराच्या विरुद्ध. टबच्या बाहेरून वर चढतंय.

ये.

—

नळाला वाफ आहे. टबमधलं पाणी गार. पायांना काही कळत नाही. गुडघ्यांपर्यंत —

केया हलली. कूस बदलली. कपाळावर काहीतरी चमकतंय. घाम आहे. घाम. आजी, आय ॲम स्वेटिंग, म्हणाली. एसी लाव म्हणते.

गाल लाल. माझी पोर.

—

पेन धरवत नाही नीट. परेशला — टबमधलं पाणी सोडू नका. गटारात जाईल, मग कुठे — मला बाहेर काढायला हात लावू नका. नाडी बघायलासुद्धा. केयाला बाहेर न्या आधी. लांब.

फाटक वाजलं का. नाही. वारा.

—

केया उठली. चालतेय. टॉवेल घेतलाय हातात, माझ्यासाठी. जा म्हणायचंय. तोंड उघडतं, आवाज येत नाही. मान हलवते. तिला वाटतं मी बोलावते —

टबच्या कडेला उभी आहे.

हात ठेवला. माझ्या हातावर. काढ म्हणायला हवं. काढ म्हणून लिहायला हवं. किती गरम आहे तिचा हात. किती बरं —

जरा वेळ राहू दे